बोध न देणाऱ्या गोष्टी

या उन्हाळ्याच्या सुट्टीत एक कथासंग्रह वाचला आणि अजून तो डोक्यातून जात नाही. लेखक नय्यर मसूद. पुस्तकाचं नाव 'ताऊस चमन की मैना'. ताऊस म्हणजे मोर. मोरांच्या बागेतली मैना.

उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवण्यात माझी अठरा वर्षं गेली. पण हा लेखक मला कुठल्याच अभ्यासक्रमात भेटला नव्हता. आम्हाला बी.ए.ला प्रेमचंद होते, कृष्णचंदर होते, बेदी आणि इस्मत होत्या. मंटो होता, पण 'टोबा टेक सिंग'पुरता. बाकीचा मंटो आम्ही मुलींनी हॉस्टेलवर एकमेकींकडून घेऊन वाचला. नय्यर मसूद हे नाव कुणी घेतल्याचं आठवत नाही. पुस्तक हाती आलं तेही भिवंडीला, एका लग्नात. माझे एक मामू जन्मभर पॉवरलूमवर काम करून आता घरी असतात आणि मिळेल ते उर्दू वाचतात. त्यांच्या कपाटात हे पुस्तक दिसलं. मी चाळायला लागले तर म्हणाले, "ले जा बेटा. ज़बान बहुत आसान है, मगर बात समझ में नहीं आती."

पुस्तक वाचून झाल्यावर वाटलं, मामूंनी एका वाक्यात समीक्षाच केली होती. फक्त 'समझ में नहीं आती' ही तक्रार आहे की तारीफ, एवढंच ठरवायचं उरतं. हा लेख त्याबद्दलच आहे.

आधी लेखकाची थोडी ओळख. नय्यर मसूद 1936 साली लखनौत जन्मले, 2017 साली लखनौतच गेले. वडील मसूद हसन रिज़वी 'अदीब' उर्दू-फारसीचे मोठे अभ्यासक. त्यांनी बांधलेल्या 'अदबिस्तान' नावाच्या घरातच मुलाचं आयुष्य गेलं. ते लखनौ विद्यापीठात फारसी शिकवत. मर्सियाचे मोठे कवी मीर अनीस यांचं चरित्र त्यांनी लिहिलं, काफ्काच्या गोष्टी उर्दूत आणल्या. स्वतःच्या कथा मात्र मोजक्याच लिहिल्या. 'सीमिया', 'इत्र-ए-काफूर', 'ताऊस चमन की मैना' आणि 'गंजिफा' हे त्यांचे चार संग्रह. (गंजिफा म्हणजे आपल्या सावंतवाडीला आजही हाताने रंगवतात ते गोल पत्ते.) 'ताऊस चमन'ला 2001 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीत त्याच वर्षी तो राजन गवस यांच्या 'तणकट'ला मिळाला होता. पुढे 2007 चा सरस्वती सन्मानही नय्यर मसूदांना मिळाला, जो मराठीत तेंडुलकर आणि एलकुंचवार यांना मिळालेला आहे. म्हणजे माणूस कुणी आडगावचा नव्हता. आपल्याकडेच त्याची वाट आली नाही.

आता गोष्ट सांगते. 'ताऊस चमन की मैना' ही कथा वाजिद अली शाहच्या लखनौत घडते. कैसरबागेतल्या एका भागात झाडं मोराच्या आकारात कातरलेली आहेत, म्हणून ती ताऊस चमन. तिथे बादशहाने एक भलामोठा, अजब पिंजरा बनवून घेतला आहे आणि त्यात चाळीस पहाडी मैना सोडल्या आहेत. प्रत्येकीला नाव आहे. काले खान हा तिथला एक नोकर. बायको गेलेली, घरी एक लहान मुलगी. तिचं नाव फलक आरा. मुलीने हट्ट धरलाय, मला पहाडी मैना पाहिजे. बापाच्या पगारात पहाडी मैना बसत नाही. आणि त्या चाळीस मैनांपैकी एकीचं नाव, बादशहानेच ठेवलेलं, फलक आरा आहे.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. काले खान ती मैना उचलून घरी आणतो. मग घाबरतो आणि परत पिंजऱ्यात नेऊन सोडतो. पण मधल्या दिवसांत मुलीने मैनेला बोलायला शिकवलेलं असतं. पाहुण्यांसमोर, इंग्रज साहेबांसमोर बादशाही मैनांनी शिकवलेले बोल म्हणायचे असतात, तेव्हा ही एक मैना दूध-जलेबी खाणाऱ्या एका लहान मुलीचं लाडाचं बोलणं बोलू लागते.

इथे मी थांबते, कारण शेवट सांगायचा नाही. एवढंच सांगते की 1856 साल जवळ येत असतं. सातारा 1848 ला आणि नागपूर 1854 ला खालसा करणारा तोच डलहौसी आता अवधकडे वळलेला आहे. म्हणजे आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात जे 'संस्थाने खालसा' हे दोन शब्दांचं कलम असतं, ते इथे एका बागेतल्या नोकराच्या घरात शिरतं. पण लेखक त्याचा गाजावाजा करत नाही. राज्य जाणं आणि मैना जाणं एकाच आवाजात सांगतो. काले खानला राज्यापेक्षा मैनेची काळजी जास्त आहे, आणि वाचताना आपल्यालाही तसंच होतं.

मला सगळ्यात जास्त आवडली ती भाषा. लखनौचा लेखक म्हटला की आपल्या डोळ्यासमोर काय येतं? 'पहले आप', शेरवानी, फारसीने मढवलेली वाक्यं. इथे त्यातलं काही नाही. वाक्यं साधी आणि छोटी आहेत. माझ्या आठवीच्या पोराला डिक्शनरीशिवाय वाचता येतील अशी. उपमा शोधून काढाव्या लागतात. तरी वाचताना गाणं ऐकल्यासारखं होतं. हे कसं, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, तो माणूस घाई करत नाही, हे त्याचं कारण. दार उघडलं तर ते कुठल्या लाकडाचं होतं, कडी कशी होती, आत अंधार किती होता, हे तो एकेक करून सांगतो. आणि जे आपल्याला विचारायचं असतं, ते नेमकं सांगत नाही. ती माणसं कोण, त्यांचं भांडण कशावरून झालं होतं, ती बाई का गप्प होती, हे राहूनच जातं. जे सांगितलं आणि जे गाळलं त्यांच्या मधल्या जागेत ती लय आहे.

मराठी वाचकाला जवळचं नाव सांगायचं तर जी. ए. कुलकर्णी. 'काजळमाया' आवडणाऱ्याला नय्यर मसूद आवडतील असं मी छातीठोकपणे म्हणते. पण फरक मोठा आहे. जीएंच्या पानावर प्रतिमांचं रान असतं, उपमेतून उपमा फुटते. नय्यर मसूदांच्या पानावर नुसतं झाडून काढलेलं अंगण. जीए वाचून मी दमते (प्रेमाने दमते). इथे दम लागत नाही. पुस्तक मिटल्यावर काहीतरी हरवल्यासारखं वाटतं आणि काय हरवलं ते आठवत नाही.

'शीशा घाट' या कथेत एक बोलताना अडखळणारा मुलगा आहे. त्याचा मानलेला बाप त्याला आठ वर्षं सांभाळून एक दिवस आपल्या जुन्या मित्राकडे ठेवायला नेतो. हा मित्र पूर्वी जत्रेत विदूषक होता. आता एका मोठ्या तळ्याकाठी राहतो, जिथे कधीकाळी काच बनवणाऱ्यांची वस्ती होती. तळ्यात एका नावेवर एक बाई आणि तिची मुलगी राहतात. मुलगी पाण्यावरच जन्मली आणि तिने जमिनीवर कधी पाऊल ठेवलेलं नाही. एवढंच. मुलगा तिला दुरून बघतो. माझ्या वर्गात दरवर्षी एक-दोन अडखळत बोलणारी मुलं असतात. बाकीची पोरं हसतात, मी ओरडते, ती मुलं आणखी गप्प होतात. त्या मुलांच्या आत काय चालत असेल, हे बी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पेपरात जेवढं कळलं नाही तेवढं या गोष्टीत कळलं, असं लिहायचा मला मोह होतो. पण तसं लिहिलं तर मी पुन्हा गोष्टीतून फायदा काढायला लागले. त्या कथेत मला काय आवडलं, खरं सांगते: संध्याकाळी तळ्यावर पडलेला उजेड आणि दुरून दिसणारी ती मुलगी.

नंतर मी 'इत्र-ए-काफूर'ही मागवून घेतलं. त्यातली त्याच नावाची कथा अत्तर बनवणाऱ्याची आहे. त्याची सगळी अत्तरं कापराच्या अर्कावर बांधलेली असतात, आणि त्या वासामागे त्याच्या लहानपणीची एक आजारी मुलगी आहे. कापूर हा शब्द वाचून मी अडकले. सोलापुरात आमच्या गल्लीच्या एका टोकाला देऊळ आहे. आरतीला कापूर पेटतो तो वास संध्याकाळी आमच्या घरात येतो. आणि आमच्याकडे मय्यतीच्या शेवटच्या गुसलाच्या पाण्यात कापूर टाकतात, कफन घालण्याआधी कपाळाला, तळहातांना, गुडघ्यांना लावतात. अम्मी गेल्या तेव्हापासून मला आरतीचा वास आला की पोटात कालवतं. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. बोलण्यासारखं त्यात काय आहे? ना तक्रार आहे, ना धार्मिक सलोख्याचा संदेश. नुसता एक वास आहे. असल्या गोष्टीला आपल्याकडे लेखात जागा नसते. नय्यर मसूदांच्या कथेत फक्त असल्याच गोष्टींना जागा आहे.

आता मुद्द्यावर येते. हे पुस्तक मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला. एक सहकारी म्हणाल्या, "त्यात सांगायचंय काय?" एक सामाजिक काम करणारे भाऊ, ज्यांचा मला आदर आहे, म्हणाले, "आपल्या समाजापुढे इतके प्रश्न आहेत. पोरं शाळा सोडून गॅरेजला लागताहेत. आणि तुम्ही मैना आणि अत्तर घेऊन बसलात?"

ही तक्रार मला हसण्यावारी न्यायची नाही. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या आया विड्या वळतात. शाळा सोडून गॅरेजला गेलेल्या पोरांची नावं माझ्या हजेरीपटावर आहेत, त्यांच्यावर मीच लाल रेघ मारली आहे. प्रश्न मला ठाऊक आहेत. पण म्हणून आमच्या वाट्याला फक्त प्रश्नांच्याच गोष्टी याव्यात, हे मला मान्य नाही.

जरा बघा. मराठीत मुसलमान माणूस गोष्टीत येतो तो कशासाठी येतो? बहुतेक वेळा काहीतरी सिद्ध करायला येतो. तलाक वाईट हे सिद्ध करायला, दंगल वाईट हे सिद्ध करायला, नाहीतर आम्हीही चांगले असतो हे सिद्ध करायला. आम्ही स्वतः लिहितो तेव्हाही तेच. 1990 साली आमच्याच सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून कितीतरी माणसं लिहिती झाली, आणि त्यांचं लिहिणं गरजेचं होतं. ती वाट झाली म्हणून मी आज इथे लिहिते आहे. पण त्या वाटेवर एक पाटी लागली आहे: इथे फक्त समाजाविषयी बोला. हमीद दलवाईंचं उदाहरण घ्या. दलवाई म्हटलं की भांडण सुरू होतं, बाजूने किंवा विरुद्ध. पण 'लाट' नावाचा त्यांचा कथासंग्रह आहे, त्यात कोकणातली साधी माणसं आहेत, हे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी किती जणांनी वाचलंय?

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने माझ्याकडे लेख मागितला. मी उर्दूतल्या बालगीतांवर लिहिते म्हटलं. उत्तर आलं, विषय छान आहे, पण तुमच्याकडून 'मुस्लिम स्त्रीची घुसमट' यावर हवं होतं. मी लिहिलं नाही. घुसमट नाही असं नव्हे. पण ती कुणी ऑर्डर देऊन मागितली की माझ्या बोटांना लिहिवत नाही.

नय्यर मसूदांच्या गोष्टीत जवळजवळ सगळी माणसं मुसलमान आहेत आणि त्यांना ते सिद्ध करायचं नसतं. ती अत्तरवाली आहेत, काचवाली आहेत, पिंजऱ्याचे नोकर आहेत, आजारी मुली आहेत. घराचे कोनाडे, कबरी, दुआ, मातम, सगळं आहे, पण हवेसारखं आहे. कुणी बाहेरच्या माणसाला समजावून सांगत नाही की आमच्याकडे असं असतं. वाचताना मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही. अठरा वर्षं स्टाफरूममध्ये, बँकेत, एसटीत, 'तुमच्यात कसं असतं हो?' या प्रश्नाला हसून उत्तर देणाऱ्या बाईला हा आराम कळेल.

आणि 'मैना आणि अत्तर' ही श्रीमंतांची चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कथा वाचावी. मुलीला एक पक्षी घेऊन देता येत नाही म्हणून चोरी करणारा बाप आहे त्यात. आणखी कुठला प्रश्न पाहिजे?

बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण काढायला शिकवलं. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, अध्ययन अनुभव, मूल्यमापन. कथेचा पाठ असला की शेवटचा प्रश्न ठरलेला: 'या कथेतून काय बोध मिळतो?' उर्दूच्या तासाला तोच प्रश्न: 'इस सबक़ से हमें क्या नसीहत मिलती है?' मुलं गाइड बघून लिहितात, खरं बोलावं, मोठ्यांचा मान राखावा. पाच गुण. मुलांना गुण मिळतात, आणि गोष्ट मेलेली असते.

जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा मी नववीला मराठीच्या तासाला या मैनेच्या गोष्टीची सुरुवातीची काही पानं स्वतः मराठी करून वाचून दाखवली. टाचणात काय लिहू ते कळेना, 'श्रवण' एवढंच लिहिलं. वर्गात शांतता होती, आणि ज्यांनी नववीचा वर्ग पाहिलाय त्यांना हे केवढं आहे ते कळेल. थांबले तेव्हा एकाने विचारलं, "टीचर, बादशाकू चाळीस मैना गिनती आती थी क्या?" दुसरा म्हणाला, "उसकू नक्को मारो बोलना, बच्ची के वास्ते लिया उने." मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, तिने विचारलं की मैना परत गेल्यावर मुलीने घरात कुणाशी बोलायचं? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, गाइडमध्येही नसणार. बोध कुणीच विचारला नाही.

सगळंच गोड आहे असं नाही. पहिला संग्रह 'सीमिया' मला जड गेला. त्यातल्या काही कथा इतक्या धुक्यात आहेत की हात पुढे केला तर आपलाच हात दिसत नाही, आणि दर वेळी त्या धुक्याची मजा येत नाही. दुसरी तक्रार बाई म्हणून आहे. त्यांच्या गोष्टीतल्या बायका पुष्कळदा दुरून दिसतात, सुंदर असतात, आजारी पडतात, जातात. त्यांना स्वतःला काय वाटतं ते सांगायची पाळी क्वचित येते. इस्मत चुगताई वाचून वाढलेल्या मला हे खटकलं. पण खटकूनही मी पान उलटत राहिले, हेही खरं.

ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्यांच्यासाठी मुहम्मद उमर मेमन यांचे इंग्रजी अनुवाद आहेत. 2015 साली पेंग्विनने त्यांचा जाडजूड एकत्र संग्रह काढला. सुरुवात मैनेपासून करा, मग 'शीशा घाट', 'सीमिया' सगळ्यात शेवटी. रात्री झोपताना एकावेळी एकच कथा, जास्त नको. आणि ज्या आमच्या मराठी माध्यमातून शिकलेल्या भावाबहिणींना घरात उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही, त्यांनी घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगावं. माझ्या मामूंना मी फोनवर 'शीशा घाट' वाचून दाखवली, दोन हप्त्यांत. मध्ये कुठेही त्यांनी 'समझ में नहीं आया' म्हटलं नाही. संपल्यावर थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "और कोई है इसमें?"

सध्या तीच कथा मराठीत उतरवायला घेतली आहे. वाटलं होतं सोपं जाईल, वाक्यं इतकी साधी. 'घाट' तर तसाच राहतो. पण 'शीशा'चं मराठीत काच करायचं की आरसा की शिसं, उर्दू न येणारा मराठी वाचक काय समजेल, इथेच दोन दिवस गेले. त्या जत्रेतल्या म्हाताऱ्या विदूषकाचं नाव जहाज आहे. 'जहाज तळ्याकाठी बसून खोकत होता' असं वाक्य लिहून मी ते नववीच्या पोरांना दाखवणार आहे. बघू, हसतात का.